जपानी डायलिसिस रुग्णाचे पथ्य: घर, रीत आणि जेवणाचे टेबल समजून घेण्याची पद्धत

जपानमध्ये सुमारे ३.५ लाख लोक डायलिसिसवर आहेत. त्यांचे सरासरी वय ७० च्या घरात आहे, जवळपास दोन तृतीयांश पुरुष आहेत, आणि मृत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण तेथे फारच कमी होत असल्यामुळे यांतील बहुतेकांना पुढचे सारे आयुष्य आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण चार तास, यंत्राला जोडून घेऊन काढावे लागते. असे ४० वर्षांहून अधिक काळ जगलेले रुग्णही तेथे आहेत. इतकी वर्षे पाळायचे पथ्य एकट्या रुग्णाच्या निर्धारावर टिकत नाही. ते टिकते की मोडते, हे घरात स्वयंपाक कोण करते, वाढते कोण, पाहुणा आल्यावर काय होते आणि नातेवाइकांकडून भेट म्हणून काय येते, यावर ठरते.

हा लेख आहारतज्ज्ञ, परिचारिका, काळजीवाहक म्हणून जपानला जाण्याची तयारी करणारे मराठी तरुण-तरुणी आणि जपानी कुटुंबाशी नाते जोडलेली मराठी माणसे यांच्यासाठी आहे. कोणत्या रुग्णाने किती खावे हे त्याचे डॉक्टर आणि त्याच्या केंद्रातील आहारतज्ज्ञच ठरवतील. ठरवलेले प्रमाण त्या घरात प्रत्यक्षात कसे उतरवावे, एवढाच येथे विषय आहे.

आकडे आधी, पण थोडक्यात

आठवड्यातून तीनदा हीमोडायलिसिस घेणाऱ्या रुग्णासाठी जपानी मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये दिलेले निकष असे आहेत: प्रमाणित वजनाच्या (उंचीनुसार असायला हव्या त्या वजनाच्या) दर किलोमागे ३० ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा, ०.९ ते १.२ ग्रॅम प्रथिने, दिवसाला ६ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, २,००० मिलिग्रॅमपर्यंत पोटॅशियम, आणि प्रथिनांच्या ग्रॅमना १५ ने गुणून येईल तेवढ्या मिलिग्रॅमपर्यंत फॉस्फरस. म्हणजे ६० किलोच्या माणसाने ६० ग्रॅम प्रथिने घेतली, तर फॉस्फरसची मर्यादा ९०० मिलिग्रॅम होते. पाण्याचा ठरावीक आकडा निकषात नाही. ते शक्य तितके कमी घ्यावे, एवढेच म्हटले आहे. पोटाच्या पडद्यातून होणाऱ्या डायलिसिसचे नियम वेगळे आहेत आणि ते घेणारे रुग्ण जपानमध्ये थोडेच असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

यांतला मिठाचा आकडा सर्वांत अवघड आहे. सर्वसामान्य जपानी माणूस दिवसाला सरासरी १० ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. साधारण ८ ग्रॅम मीठ शरीरात राहिले की त्याच्याबरोबर १ लिटर पाणी राहते, म्हणजे काट्यावर १ किलो वाढते. त्यामुळे ‘पाणी कमी प्या’ असे रुग्णाला दहा वेळा सांगण्यापेक्षा त्याच्या घरातले मीठ शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. मीठ पोटात गेले की तहान लागणारच, आणि तहानेशी भांडण्याची शक्ती रोज कुणातच नसते.

पहिली भेट: काय खाता, याआधी कोण वाढते

पहिल्याच भेटीत वर्ज्य पदार्थांची यादी हातात देणे ही माझ्या मते सर्वांत निरुपयोगी सुरुवात आहे. वयस्क जपानी रुग्ण ती यादी दोन्ही हातांनी, वाकून स्वीकारतो, सर्व समजले असे सांगतो आणि घरी गेल्यावर ती पत्नीच्या हाती देतो. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ हे शिकवणारे असल्यामुळे त्यांच्यासमोर अडचण मांडणे म्हणजे त्यांना कमीपणा आणणे, असे वाटणारी पिढी अजून डायलिसिसच्या खाटांवर आहे. ‘मीठ कमी केले आहे ना?’ या प्रश्नाला तिच्याकडून जे ‘हो’ येते, त्यात सौजन्य किती आणि माहिती किती हे ओळखणे कठीण असते.

म्हणून प्रश्न असे विचारावेत की त्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देताच येऊ नये. काल संध्याकाळी जेवायला कोण कोण बसले होते, टेबलावर मधोमध काय ठेवले होते, सोया सॉसची बाटली कुणाच्या हाताशी होती, मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खाऱ्या लगद्याचे सूप, कुणी केले आणि कोणत्या भांड्यात वाढले, जेवण झाल्यावर काय उरले आणि ते कुणी संपवले, हे एका पाठोपाठ एक विचारत जावे. रुग्णाला फोन वापरता येत असेल तर सलग तीन दिवसांच्या जेवणाची छायाचित्रे मागावीत. त्यांत एक दिवस डायलिसिसचा, एक डायलिसिस नसलेला आणि एक रविवार असावा. छायाचित्रात दिसणारी लोणच्याची छोटी बशी बोलण्यात सहसा येत नाही, कारण लोणचे हा वेगळा पदार्थ आहे असे त्या घरात कुणाला वाटतच नसते.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला भेटणे. सत्तरी ओलांडलेल्या अनेक जपानी पुरुषांनी आयुष्यात तांदूळही धुतलेले नसतात. अशा घरात आहाराचे शिक्षण नवऱ्याला देणे आणि स्वयंपाक पत्नीने करणे, ही व्यवस्था दोघांनाही त्रासाची होते. पत्नी सर्व मोजून-मापून करते, तोंडाला चव नाही म्हणून तो न बोलता सोया सॉस ओततो, तिला आपल्या हातच्या अन्नाचा अपमान झाल्यासारखे वाटते, आणि ही गोष्ट दोघेही केंद्रात सांगत नाहीत. दोघांना एकत्र बसवून बोलावे, परंतु पत्नीला नवऱ्यावर नजर ठेवणारी शिपाई बनवू नये. रुग्ण स्त्री असेल तर चित्र उलटे होते. इतरांच्या चवीचा स्वयंपाक तिला स्वतःलाच करायचा असतो, स्वतःसाठी वेगळे शिजवणे तिला स्वार्थीपणाचे वाटते, आणि डायलिसिसहून दमून आलेल्या दिवशी ती घरच्यांचे उरलेले खाऊन मोकळी होते. अशा वेळी सुनेशी, मुलीशी किंवा नवऱ्याशी बोलण्याची परवानगी तिच्याकडून आधी घ्यावी. इतरांना आपला त्रास होऊ नये ही भावना इतकी खोल असते की परवानगीशिवाय केलेला एक फोन पुढच्या अनेक महिन्यांचा संवाद बंद करू शकतो.

तीन पिढ्या एकत्र राहणारी घरे आता कमी झाली आहेत. ऐंशीच्या घरातल्या नवऱ्याची काळजी ऐंशीच्या घरातलीच पत्नी घेत असते, हे चित्र जपानमध्ये फार सामान्य आहे. तिला भाजी दोनदा उकळायला सांगण्यापूर्वी जड पातेले उचलून पाणी ओतण्याची ताकद तिच्या मनगटात आहे का, हे पाहावे.

पदार्थ काढू नये, वाढणे बदलावे

जपानी जेवणाची जुनी रचना भात, एक सूप आणि दोन-तीन छोटे पदार्थ अशी असते, आणि बहुतेक घरांत प्रत्येकाची भाताची वाटी व चॉपस्टिक्स ठरलेल्या असतात. ही रीत पथ्याला अतिशय सोयीची आहे, कारण एका माणसाचे प्रमाण वेगळे ठेवण्यासाठी त्याला वेगळे बसवावे लागत नाही. वाटी त्याचीच असते; ती फक्त थोडी लहान निवडायची असते. साध्या भाताची १५० ग्रॅमची वाटी सुमारे २३४ किलोकॅलरी देते, तिच्यात पोटॅशियम जेमतेम ४५ मिलिग्रॅम असते आणि मीठ नसतेच. भात हा या रुग्णाचा मित्र आहे, हे प्रत्येक घरात मुद्दाम सांगावे, कारण मधुमेहाच्या धाकाने त्याची वाटी अर्धी झालेली असण्याची शक्यता मोठी असते. जपानमधील डायलिसिस रुग्णांत मूत्रपिंड निकामी होण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण मधुमेह हेच आहे, तेव्हा ही अर्धी वाटी अनेक घरांत सापडेल. किती वाढवायची हे मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

गोंधळ भाताच्या भोवती असतो. पारंपरिक नाश्ता म्हणजे भात, एक वाटी मिसो सूप, खारवलेल्या साल्मनचा तुकडा आणि एक उमेबोशी, म्हणजे खारवून वाळवलेले आंबट फळ. सूपमध्ये सव्वा ते दीड ग्रॅम, जुन्या पद्धतीच्या एका उमेबोशीत सुमारे दोन ग्रॅम आणि माशात दीड ग्रॅमच्या आसपास मीठ असते. दिवस उजाडताच सहापैकी पाच ग्रॅम संपलेले असतात. पण यावरून ‘मिसो सूप बंद’ असा निर्णय सुनावला, तर सकाळीच घरातले वातावरण बिघडते. सूप ही आईची, पत्नीची, त्या घराची चव असते, आणि ती बंद करणे म्हणजे रुग्णाला त्या घरातून थोडे बाहेर काढणेच आहे.

त्याऐवजी सूप दिवसातून एकदाच ठेवावे, वाटी निम्मी भरावी आणि त्यात भाजीचे तुकडे जास्त व पाणी कमी असावे. मिसो कमी केल्यावर चव पातळ लागू नये म्हणून दाशी, म्हणजे कोंबू नावाचे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनितो माशाच्या कापा यांचा अर्क, घट्ट काढावा. कोंबूच्या चवीमागे ग्लुटामेट आहे हे १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी दाखवले, आणि मीठ कमी करताना जपानी स्वयंपाकघराला याच चवीचा सर्वांत मोठा आधार आहे. मात्र बाजारातल्या दाशीच्या भुकटीत बहुधा मीठ आधीच मिसळलेले असते, तेव्हा पाकीट वाचल्याशिवाय ती ‘नैसर्गिक’ समजू नये. कोंबूत पोटॅशियम भरपूर असल्याने तो अर्कासाठी थोडाच वापरावा आणि नंतर सोया सॉसमध्ये शिजवून खाण्याची रीत सोडावी.

सोया सॉस पदार्थावर ओतू नये, छोट्या बशीत घेऊन पदार्थ त्यात टेकवावा, हा सल्ला जपानमध्ये सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यही आहे. एक चहाचा चमचा नेहमीच्या सोया सॉसमध्ये सुमारे ०.९ ग्रॅम मीठ जाते. बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे, फक्त तो घरातल्या सर्वांसाठी करावा. एकट्या रुग्णापुढून बाटली उचलली की ती शिक्षा ठरते. क्योतो-ओसाकाकडच्या कुटुंबात फिकट रंगाचा सोया सॉस वापरतात. रंग फिकट म्हणून मीठ कमी, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात त्यात गडद सॉसपेक्षा मीठ थोडे अधिकच असते. ‘कमी मिठाचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सॉसमध्ये व मिठांमध्ये सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, ते या रुग्णाला चालत नाही.

भाज्या आणि कंद बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे पोटॅशियम लक्षणीय कमी होते. हे तंत्र जपानी गृहिणीला नवे नाही. कडू पालेभाज्यांसाठी ती ते करतेच. तिला फक्त एवढे सांगावे लागते की हेच बटाट्याला, रताळ्याला आणि अळकुडीलाही करायचे आहे. अन्नातले सत्त्व ओतून टाकणे तिच्या मनाला लागते, हे आधीच गृहीत धरावे.

नाबे: मधोमध ठेवलेले भांडे

हिवाळ्यात टेबलाच्या मध्यभागी छोट्या शेगडीवर मातीचे भांडे ठेवून त्यात मासे, तोफू, कोबी, मशरूम शिजवत सर्वांनी एकत्र जेवण्याची पद्धत आहे. त्याला नाबे म्हणतात. घरातल्या एकोप्याचा हा सर्वांत आवडता प्रसंग असतो, आणि पथ्याच्या दृष्टीने सर्वांत फसवा. भाज्यांतून सुटलेले पोटॅशियम रश्श्यात जमते, शेगडीवर रस्सा आटत गेल्याने मीठ घट्ट होत जाते, आणि शेवटी त्याच रश्श्यात भात किंवा नूडल्स घालून तो संपवला जातो. कोण किती खाते हेही कळत नाही, कारण वाढणारा दुसऱ्याच्या वाटीत प्रेमाने आणखी दोन तुकडे टाकत राहतो.

नाबे बंद करू नये. रस्सा साध्या, जवळजवळ बिनमिठाच्या दाशीचा ठेवावा आणि चव प्रत्येकाच्या बशीत, लिंबूवर्गीय रस अधिक घातलेल्या पोन्झूने, म्हणजे त्या रसाच्या व सोया सॉसच्या आंबट चटणीने, द्यावी. रुग्णाच्या वाट्याची मासळी, तोफू आणि भाजी सुरुवातीलाच एका ताटलीत काढून त्याच्यासमोर ठेवावी, म्हणजे तो आपल्याच हाताने शिजवेल आणि त्याचे प्रमाणही सर्वांना दिसेल. तुकडे झाऱ्याने निथळून घ्यावेत. शेवटचा भात रश्श्यात शिजण्यापूर्वीच रुग्णाला त्याच्या वाटीत कोरडा भात वाढून द्यावा. हा क्रम ठरवण्याचे काम घरात ज्याच्या हाती पळी असते त्याच्याशी बोलून करावे. रुग्णाला जेवता जेवता स्वतः ‘मला पुरे’ म्हणायला लावणे म्हणजे त्याच्यावर दर वेळी नवी परीक्षा लादणे आहे.

प्रदेशाची चव

उत्तरेकडे, विशेषतः अकिता, आओमोरी या बर्फाळ भागांत, हिवाळाभर टिकणारी खारी लोणची आणि खारवलेली मासळी यांवर पिढ्या वाढल्या आहेत. अकितात धूर देऊन केलेले मुळ्याचे लोणचे चहाबरोबर चघळले जाते, नागानोत नोझावाना या पालेभाजीचे. शेजारीण चहाला आली की बशी पुढे येतेच, त्यामुळे अशा रुग्णाला ‘जेवणात लोणचे खाता का’ असे न विचारता चहाबरोबर काय असते हे विचारावे.

नागानोचे उदाहरण उमेद देणारे आहे. या डोंगराळ प्रांतात मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांचे प्रमाण मोठे होते. तेथे गावोगावच्या स्वयंसेवक स्त्रियांनी घरोघरी जाऊन मिसो सूपमधले मीठ मोजण्याची, शेजारणींना कमी मिठाचे पदार्थ शिकवण्याची मोहीम अनेक वर्षे चालवली, आणि पुढे नागानो हा देशातील सर्वांत दीर्घायुषी प्रांतांपैकी एक म्हणून ओळखला गेला. त्यात इतर कारणांचाही वाटा असेल. तरीही चव वस्तीबरोबर बदलता येते, एकट्याने ती बदलणे फार जड जाते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. मीठ मोजण्याचे छोटे यंत्र जपानमध्ये सहज विकत मिळते. ते रुग्णाच्या हाती न देता नातवंडाच्या हाती द्यावे. आजीच्या सूपचा आकडा नातवाने वाचला, तर ती रागावत नाही.

सण, भेटवस्तू आणि रविवार

डायलिसिसचे वार बहुधा सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार असे असतात. म्हणजे आठवड्यातली दोन दिवसांची मोठी सुट्टी शनिवार-रविवार किंवा रविवार-सोमवार अशी पडते, आणि कुटुंब एकत्र जेवते तोही दिवस रविवारच असतो. या मोठ्या सुट्टीत वाढलेले वजन शरीराच्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आत राहावे असे जपानी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ६० किलोच्या माणसाला ते ३.६ किलो होतात, आणि अनेक केंद्रे याहून कडक मर्यादा घालतात. कुटुंबाला शक्य असेल तर मोठे जेवण डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी ठेवावे, म्हणजे साठलेले लवकर निघून जाते. नातेवाइकांना वार कळवून ठेवला तर बहुतेक जण आनंदाने बदल करतात. त्यांना तो कुणी सांगितलेलाच नसतो.

नववर्षाच्या ओसेचीबद्दल मात्र सविस्तर बोलावे लागते. लाकडी डब्यांच्या थरांत रचलेल्या या पदार्थांना प्रत्येकाला एक शुभ अर्थ असतो, त्यामुळे ‘हे नको’ म्हणणे वर्षाच्या पहिल्याच दिवशी अशुभ वाटते. पदार्थ टिकावेत म्हणून ते साखर, सोया सॉस आणि मिठात मुरवलेले असतात. वाळवलेल्या छोट्या माशांत फॉस्फरस, कोंबूच्या गुंडाळ्यांत आणि रताळे-चेस्टनटच्या गोड लगद्यात पोटॅशियम, वाफवलेल्या माशाच्या वड्यांत व माशाच्या अंड्यांत मीठ, अशी वाटणी असते. मुळा-गाजराची व्हिनेगरमधली कोशिंबीर आणि तांदळाची मोची, म्हणजे चिकट भाताचा गोळा, त्या मानाने सोयीची, पण मोची वृद्धांच्या घशात अडकते आणि दर वर्षी त्याने मृत्यू होतात, तेव्हा ती लहान तुकडे करून द्यावी. सर्वांत चांगला उपाय म्हणजे रुग्णासाठी एका छोट्या सुंदर डब्यात प्रत्येक पदार्थाचा एकेक घास मांडणे. शुभ अर्थ एका घासानेही पूर्ण होतो आणि डब्याची शोभाही राखली जाते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या दिवशी आपल्या वयाइतके भाजलेले सोयाबीन खाण्याची प्रथा आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला पंचाहत्तर दाणे म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरसची चांगली मूठभर भर. दर दहा वर्षांना एक दाणा, असा हिशेब घरच्या मुलांना सांगितला तर ते तो खेळ म्हणून उचलून धरतात.

उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस एकमेकांना भेटी पाठवण्याचा रिवाज आहे, आणि त्यांत फळांच्या पेट्या, खारवलेली मासळी, हॅम हे नेहमीचे. फळ आधी घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवले जाते आणि मग उतरवून सर्वांना वाटले जाते. नैवेद्याला नाही म्हणणे किती अवघड असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. तेव्हा नाही म्हणायला लावूच नये; एक फोड ठरवावी. खरबुजासारख्या मेलनमध्ये १०० ग्रॅमला सुमारे ३४० मिलिग्रॅम, केळ्यात ३६० आणि वाळवलेल्या पर्सिमॉनमध्ये ६७० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मिकान संत्र्यात १५० च्या आसपास. मिकान लहान असते, म्हणून हिवाळ्यात टीव्हीसमोर बसून चार-पाच कधी संपतात ते कळत नाही. टोपली टेबलावर न ठेवता एकच फळ काढून ठेवणे बरे. कमरख हे चांदणीच्या आकाराचे फळ डायलिसिस रुग्णाने मुळीच खाऊ नये. त्यातील विष मूत्रपिंडाअभावी बाहेर पडत नाही आणि उचकीपासून झटके व मृत्यूपर्यंत परिणाम होऊ शकतात. ते ओकिनावात पिकते, कोकणातही मिळते. ही सूचना आपल्याकडच्या रुग्णांनाही तितकीच लागू आहे.

आजारपणातली माया आणि उन्हाळ्यातला चहा

ताप आला, पोट बिघडले की जपानी घरात ओकायू, म्हणजे तांदळाची पातळ पेज, आणि वर एक उमेबोशी दिली जाते. लहानपणापासूनची ही माया डायलिसिस रुग्णाला दुहेरी त्रास देते: पेजेत ८० टक्क्यांहून अधिक पाणी आणि उमेबोशीत मीठ. पोटाला चालत असेल तर मऊ शिजवलेला भात कमी पाण्याचा करावा, आणि उमेबोशीऐवजी तिचा नखाएवढा गर द्यावा. पेजच द्यावी लागली तर तिचे पाणी दिवसाच्या पेयांत मोजावे.

उन्हाळ्यात उष्माघातापासून बचावासाठी ‘तहान लागण्यापूर्वी पाणी प्या, मीठही घ्या’ असा सल्ला टीव्हीवर आणि गावच्या ध्वनिक्षेपकावरून सतत दिला जातो. तो शेजाऱ्यांसाठी बरोबर आणि या रुग्णासाठी घातक आहे. काळजीने मिठाच्या गोळ्या व स्पोर्ट्स ड्रिंक आणून देणाऱ्या मुलीला हा फरक नीट समजावून सांगावा. खोलीत वातानुकूलन चालू ठेवणे हा तिने करण्याजोगा खरा उपाय आहे. वीज वाया जाते म्हणून वृद्ध मंडळी ते बंद करतात. चहाबाबत सांगायचे तर जवाचा मुगिचा आणि भाजलेल्या पानांचा होजिचा पोटॅशियमच्या दृष्टीने सौम्य आहेत. उंची ग्योकुरो चहात मात्र १०० मिलिलिटरला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास केळ्याइतके पोटॅशियम असते, आणि नेमका तोच पाहुण्यांसाठी काढला जातो.

कमी खाणे हेही अपथ्य आहे

पोट थोडे रिकामे ठेवून उठावे, सहन करावे, तक्रार करू नये, या संस्कारांत वाढलेला रुग्ण कधी कधी फार आज्ञाधारक होतो. वजन वाढू नये म्हणून तो जेवणच कमी करतो, काट्यावर कौतुक होते, आणि स्नायू झिजत जातात. वृद्ध डायलिसिस रुग्णाच्या जिवाला कुपोषणाचा धोका मिठाच्या धोक्याहून लहान नाही. ठरवलेले कोरडे वजन, म्हणजे जादा पाणी काढल्यावर असावे ते वजन, न बदलता सूज येऊ लागली, कपडे सैल झाले, दंड बारीक दिसू लागले, तर पथ्य सैल करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. मासा, अंडे, कोंबडी यांचा पुरेसा भाग आणि तेलात परतलेला पदार्थ रोज असावा. नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, प्रमाणात चालू शकते, पण रुग्ण वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेत असेल तर व्हिटॅमिन ‘के’मुळे ते पूर्ण वर्ज्य.

एकट्या राहणाऱ्या विधुर रुग्णाकडे तर अधिक लक्ष द्यावे लागते. २००२ पर्यंत डायलिसिसच्या वेळी दिल्या जाणाऱ्या जेवणासाठी विम्याच्या दरांत वेगळी तरतूद होती. ती गेल्यावर अनेक केंद्रांत ते जेवण स्वखर्चाचे झाले किंवा थांबले, आणि आठवड्यातली तीन मोजून दिलेली जेवणे कमी झाली. असा माणूस कोनबिनी, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातल्या तयार डब्यावर जगतो. त्याला स्वयंपाक शिकवण्याचा आग्रह न धरता पाकीट वाचायला शिकवावे: पाकीटबंद अन्नावर मिठाचे प्रमाण छापणे जपानमध्ये बंधनकारक आहे, पोटॅशियम-फॉस्फरसचे मात्र नाही. डब्यातली लोणच्याची फोड आणि सॉसची पुडी बाजूला ठेवावी, रामेनचा, म्हणजे नूडल्सच्या सूपचा, रस्सा भांड्यातच सोडावा. एका वाटी रामेनमध्ये सहा ग्रॅम मीठ सहज असते, आणि त्यातला मोठा भाग रश्श्यातच. अन्न टाकणे पाप मानणाऱ्या माणसाला हे जमण्यासाठी डॉक्टरांनीच ‘रस्सा सोडणे हे औषध आहे’ असे सांगितलेले बरे. डायलिसिस रुग्णांसाठी घरपोच मिळणारे गोठवलेले डबेही आहेत. आठवड्याच्या मोठ्या सुट्टीत तेवढे घेतले तरी पुष्कळ साधते.

भूकंपाची पिशवी

जपानमध्ये पथ्याचा विचार आपत्तीपर्यंत न्यावा लागतो. मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर वीज आणि पाणी नसल्यामुळे केंद्रे बंद पडली, डायलिसिसची वेळ कमी करावी लागली, आणि फुकुशिमातील इवाकी शहरातून शेकडो रुग्णांना बसने तोक्योसह इतर भागांत हलवावे लागले. निवारा केंद्रात सर्वांना सारखे मिळते: कप नूडल्स, ओनिगिरी (भाताचे गोळे), केळे, भाजीचा रस. रांगेत उभे राहून ‘मला हे चालत नाही’ म्हणणे तेथे फार जड जाते. सर्वांवर संकट असताना आपण वेगळे काही मागू नये, असेच रुग्णाला वाटते.

म्हणून घरच्यांनी आधीच एक पिशवी भरून ठेवावी. तीन दिवस पुरेल असा पाकीटबंद भात, साध्या साखरेच्या गोळ्या, कमी मिठाची बिस्किटे, मासा किंवा चिकनचा बिनमिठाचा डबा, छोटा मोजपेला, फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या आणि नेहमीची औषधे, औषधांची वही, आणि केंद्राचे नाव, कोरडे वजन, डायलिसिसचे वार व वेळ लिहिलेले कार्ड त्यात असावे. डायलिसिस चुकण्याची शक्यता दिसताच पाणी, मीठ, फळे व रस ताबडतोब तोडावेत, आणि ऊर्जा भात व साखर यांतून घ्यावी. उपाशी राहू नये, कारण उपाशी शरीर स्वतःच्या पेशी मोडून पोटॅशियम रक्तात सोडते. हात-पाय जड होणे, ओठांभोवती मुंग्या येणे, छातीत ठोका चुकल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले तर निवारा केंद्रातील कर्मचाऱ्याला लगेच सांगावे. रुग्ण स्वतः सांगणार नाही असे घरच्यांना वाटत असेल, तर कार्डाच्या मागे ते ठळक अक्षरांत लिहून, कार्ड त्याच्या गळ्यात अडकवता येईल असे करून ठेवावे.